डावीकडे म्हणजे कुणाच्या?

घोळ घातला तो चित्रकलेच्या मास्तरांनी. वादाच्या तासासाठी नागरिकशास्त्राच्या बाईंनी बजावलं होतं, "डावीकडच्या भिंतीवर 'रस्ता रुंद करा', उजवीकडे 'दुकानं वाचवा'." मास्तरांनी पाट्या झोकात रंगवल्या, फळ्याकडे तोंड केलं आणि आपल्या डाव्या-उजव्याप्रमाणे ठोकून मोकळे झाले. बाईंनी दोन्ही बाजूंची मुलं बसवली ती स्वतःच्या डाव्या-उजव्याप्रमाणे, मुलांकडे तोंड करून.

पोरं बाईंना 'म्हणजेबाई' म्हणत. स्वतःचं मत मांडण्याआधी समोरच्याचं मत सांगायचं, तेही त्याने "हो, हेच!" म्हणेपर्यंत, हा त्यांचा नियम. कुणी अडखळलं की बाई हळूच विचारत, "म्हणजे?"

हे त्या घरीच शिकल्या. एका निवडणुकीवरून वडील आणि काकांनी अबोला धरला. जेवायला मात्र शेजारी शेजारी. "काकाला सांग, मीठ सरकव." "बापाला सांग, हात लांब कर." निरोप पोचवता पोचवता पोरीला दोघांची बाजू तोंडपाठ झाली.

आज मात्र तासावरच गदा होती. मागच्या तासाची हमरीतुमरी पालकांपर्यंत गेली होती. हेडसर म्हणाले होते, "आवाज दाराबाहेर आला, की हा प्रकार बंद."

दुकानदाराच्या मुलीने वर पाहिलं. "बाई! आमच्याच डोक्यावर रस्ता?"

वर्ग खो खो हसला. मास्तर हातोडी घेऊन धावले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "डोक्यावर जी पाटी, ती आज आपली बाजू."

 मुलगी पलीकडे वळली. "अरे, तुझे बाबा नेमकं म्हणतात तरी काय?"

"वळणावर बस अडकते," ड्रायव्हरचा मुलगा म्हणाला. "लोक शिव्या बाबांना घालतात."

ती उभी राहिली. "रस्ता अरुंद ठेवतात दुसरेच, बोलणी खातो ड्रायव्हर."

"हो, हेच!" तो म्हणाला. मग डोकं खाजवत, "आणि दुकान पाडलं, तर गिऱ्हाईक नव्या जागी येईलच कशावरून?"

"हेच! पण माझं मत बदललं नाही हं."

"बदल म्हणून कुणी सांगितलं?" बाई म्हणाल्या.

बाहेर हेडसर कान लावून उभे होते. काहीच ऐकू येईना, तेव्हा तास चालू आहे ना, हे बघायला त्यांनीच दार उघडलं. दोन्ही बाजूंची डोकी जवळ आलेली पाहून म्हणाले, "चालू द्या."

तास सुटल्यावर मास्तरांनी पाट्या काढता काढता आपलंच घोडं दामटलं. "तसं बघितलं तर बाई, माझं डावं बरोबरच होतं. फळ्याकडे तोंड केलं तर."

"मास्तर, शिकवताना तोंड मुलांकडे करायचं असतं."