हाताच्या पाठीवरचा आवाज

लेक सोफ्यावर बसून हाताच्या पाठीला ओठ लावून बारीक चीं-चीं आवाज काढत होती, आणि मलिंगार या आयरिश गावाजवळच्या त्या कुरणातला ओल्या लोकरीचा वास पुन्हा माझ्या नाकाशी आला. काही वर्षांपूर्वी तिथे शेजारच्या मेंढपाळाची कोकरं कोल्हे पळवत होते, म्हणून एका संध्याकाळी तो मला शिकारीला सोबत घेऊन गेला. माझी पहिलीच वेळ, त्यामुळे बंदूक त्याच्याकडे आणि आवाज माझ्याकडे. असेच ओठ लावून श्वास आत ओढायचा. सशाचं जखमी पिल्लू रडतंय असं वाटून कोल्हा येतो. "ग्रँड, अगदी तस्संच," तो कुजबुजला. कुंपणाखालून ती कोल्हीण सरळ माझ्याच दिशेने धावत आली. गोळी लागल्यावर त्याने तिला उलटं केलं, तर आचळं दुधाने भरलेली. त्याने टोपी काढली. म्हणाला, "हिची पिल्लं इथंच कुठेतरी असतील." अंधार पडेपर्यंत आम्ही शोधली, सापडली नाहीत. घरी येऊन मी मयताला जाऊन आल्यासारखं आधी आंघोळ केली, मगच तान्ह्या लेकीला उचललं. आज तिलाच म्हटलं, "बस कर गं." "व्हाय, बाबा?" "कुणीतरी खरंच येईल."