नीलाबाईचं नाव सभागृहात

उर्वशी म्हटलं की लोकांना इंद्राची सभा आठवते. आमची उर्वशी, माझी मावसबहीण, विधानसभेत बसते, तीही मान खाली घालून. ती तिथली प्रतिवेदक. आमदार-मंत्री बोलतील ते लघुलिपीत भराभर उतरवायचं, पाळी संपली की दुसऱ्याला जागा देऊन आत जायचं आणि टंकून काढायचं. कोणी ओरडलं तर कंसात ‘अडथळा’, कोणी हसलं तर ‘हशा’. आपण मात्र हूं की चूं करायचं नाही. गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात बोलण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे, आणि नोकरी मिळाली ती गप्प बसण्याची!

तिच्या आईला, माझ्या नीलामावशीला, वाघानं मारलं ते स्वतःच्या धानाच्या बांधावर, गवत कापताना. प्रेत ओढत नेलं, सापडलं जंगलात. झालं! बंदीच्या जंगलात चोरून शिरली म्हणून मेली, असं पंचनाम्यात आलं आणि गावानंही तेच धरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. देवाजी मावसाजी त्यानंच खचले. बायको गेली ती गेली, वर चोर ठरली.

हिवाळी अधिवेशनात आमच्या आमदारांनी हा विषय घेतला. उर्वशी नागपूरला निघाली तेव्हा मावसाजी म्हणाले, “तू तिथी लिवते ना? मंग लिवजो, तुही माय आपल्या बांधावर होती म्हणून. सरकारच्या पुस्तकात आलं का साऱ्याईले आयकवतो.”

विषय नेमका तिच्या पाळीत आला. तिचे वरिष्ठ विनोदभाऊ म्हणाले, “तुझ्या जागी मी बसतो.” तिनं ऐकलं नाही. आईचं नाव तिला स्वतःच्या हातानं लिहायचं होतं.

आमदार बोलले, छान बोलले. “नीलाबाई आपल्या शेतात होत्या. त्या चोर नव्हत्या.” तिनं लिहिलं. पण तिथं थांबतील तर ते आमदार कसले! त्याच दमात त्यांनी मंत्र्यांच्या बापाचा उद्धार केला. गदारोळ उसळला. अध्यक्षांनी आमदारांचं ते सगळं बोलणंच कामकाजातून काढून टाकायला सांगितलं. शिवीबरोबर मावशीही गेली. तो आदेश उर्वशीनंच लिहून घेतला, आणि आत जाऊन आपलीच ओळ आपल्या हातानं खोडली. मला त्या आमदाराचा अजून संताप येतो. एक शिवी गिळता आली नाही मेल्याला.

ती गावी आली तेव्हा मावसाजींनी अंगणात माणसं बसवून ठेवली होती. नेमकी तीच, मावशीला चोर म्हणणारी.

“वाच,” ते म्हणाले.

“बाबा, त्यात नाई. काढून टाकलं.”

“कोनं?”

“हुकूम होता. मीच खोडलं.”

“लिवणारी तूच,” मावसाजी हळूच म्हणाले, “अन् खोडणारीबी तूच?”

माणसं उठायला लागली. तेव्हा उर्वशी बेंबीच्या देठापासून ओरडली, “माही माय बांधावरच होती!”

त्यांच्यातलाच इतवारीभाऊ चप्पल घालत होता. “पोरगी आहे,” तो शेजारच्याला म्हणाला, “ते तं म्हणनच.”