रविवारचा रकाना

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुते. सोमवारी सकाळी शेवटच्या वर्षाची सई मोरीशेजारी वही उघडून बसली होती. खारट पाण्यात मूग किती उगवतात हे ती एकटीच शोधते आहे. या कामाला हजेरी नाही; तिच्या मॅडम शेवटी वही बघणार. रोज येऊन बशीतले मोड मोजायचे आणि लिहायचे, एवढंच. रविवारी मात्र सईबाई घरीच झोपून राहिल्या.

“मावशी, शनिवारी सोळा होते, आज वीस आहेत. म्हणजे काल अठराच असणार ना?”

“असतील की. तू पाहिलेस का?”

“तुम्ही तर मॅडमच्याही वर आहात!”

मला तिचा राग आला नाही. वीस वर्षांची पोर. आजवर प्रश्न दुसऱ्याने दिले आणि उत्तरंही दुसऱ्यानेच तपासली. कोणी बघत नसताना खरं वागणं थोरांनाही जड जातं. न पाहिलेला मुलगा ‘गुणी आहे’ असं सांगून मीच माझ्या भाचीचं लग्न त्याच्याशी जुळवलं. तोही अंदाजच होता. भाची अजून माझ्याशी बोलत नाही.

सईचं पेन रविवारच्या रकान्यावर थांबलं होतं. खरं लिहिलं तर मॅडम पहिल्यापासून मूग भिजवायला लावणार, आणि परीक्षा तोंडावर आलेली.

बऱ्याच वेळाने तिने लिहिलं, ‘मोजले नाहीत.’ मग माझ्याकडे बघून फणकारली, “द्या त्या धुतलेल्या बशा इकडे. लागतीलच आता.”