आधी नखं दाखवा

“आधी नखं दाखवा, मंग बोला.”

सौंसरच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंचं हे पहिलं वाक्य. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हात पुढे करावे लागत. एकदा त्यांनी पाटलीणबाईंना अंगणात बसवून नखं कापायला लावली, तेव्हा खुद्द पाटील हात पाठीमागे लपवून गोठ्याकडे सटकले. तुम्हीही सटकला असता.

नागपूरला बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई आमच्या भागात तेव्हा ही एकच. तरी माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा मी त्यांना बोलावलं नाही. माय म्हणाली, “तिची जात माहीत हाय ना तुले? आपली म्हातारी सुईण काय वाईट हाय?” शाळेत पोरांना समता शिकवणारा मी मास्तर, सुईणीलाच बोलवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईणीनं हात टेकले. मी सायकल हाणत दवाखान्यात गेलो, तर बाई लोधीखेड्याला गेलेल्या. तिथे बाजारात त्यांना गाठलं.

“कळा कधीपासून?”

“कालपासून.”

“मंग काल काऊन नाही आले?”

“तुम्ही गावात नव्हत्या म्हणे.”

“काल दिवसभर दवाखान्यातच होती मी, गुरुजी.” एवढं बोलून त्या मिळेल त्या बैलगाडीत चढल्या.

दुपारपर्यंत मुलगी झाली. दोघीही वाचल्या.

बारशाला साडीचोळीचा मान बाळंतपण करणारीचा. मायनं तो म्हातारीला दिला. नेमक्या त्याच दिवशी बाई बाळाची बेंबी बघायला आल्या. मायनं त्यांना मागच्या दारी थांबवलं आणि मी बाळ बाहेर नेलं. आत पाळणा म्हणणं चालू होतं.

“छान सुकली,” बाई म्हणाल्या. मग जरा ऐकून, “मस्त गाऊन राहिल्या.”

लोधीखेड्याला खोटं बोललो ते भीतीनं, असं मी स्वतःला सांगू शकतो. त्या दिवशी मात्र भीती कसलीच नव्हती. आत या, एवढंच म्हणायचं होतं.

पुढे राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडेच राहिलो. बाईंची नेमणूक तिकडे झाली. त्या निघाल्याचं कळताच मी साडी घेऊन, मुलीला बोटाला धरून बसपाशी पोचलो.

“बारशाची राहिली होती,” मी म्हणालो.

“आता बारसं? पोरगी तर धावून राहिली, गुरुजी!” त्या हसल्या. साडी त्यांनी घेतली नाही.

मग मुलीसमोर वाकल्या. “नखं दाखव.”

पोरीनं दोन्ही हात पुढे केले. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले, मान डोलावली आणि माझ्याकडे बघितलं.

मी साडीसकट हात पाठीमागे नेले.