उदबत्ती लावणारे प्राध्यापक

माझ्या परिचयाच्या एका प्राध्यापकांचा जगातल्या एकाही भिंतीवर विश्वास नव्हता. पुण्याच्या एका महाविद्यालयात ते वास्तुकला शिकवत आणि घराने आधी ऊन-वाऱ्याशी जमवून घ्यावे, मग मालकाशी, असे सांगत. लोणावळ्यात मी नवी खोली घेतली तेव्हा त्यांना चहाला बोलावले. कपाला हात लावण्याआधी त्यांनी चारही भिंती बोटाने ठोकून पाहिल्या. "ही खिडकी तुमच्यासाठी काढलेली नाही. समोरच्या बंगल्यावरून उचलली आहे," असा निकाल देऊन ते निवलेला चहा प्यायले. सिमेंटचा त्यांना संशय येई, पत्र्याचा त्याहून जास्त आणि एका रांगेत उभ्या घरांचा सर्वांत जास्त. घरात वारा कुठून येतो हे मालकाने सांगितले तरी त्यांना पटत नसे. खिशातली उदबत्ती पेटवून ते कोपऱ्यात खोचत आणि उकिडवे बसून धूर कुठे वळतो ते बघत. मध्येच कोणी बोलले तर हात वर करून त्याला गप्प करत.

या उदबत्तीनेच घात केला. तिकोणा पेठेकडची एक वाडी धरणाच्या पाण्याखाली जाणार होती आणि तिच्यासाठी माळावर नवी घरे व्हायची होती. सरकारी नकाशात ती एका रांगेत होती, दारे पश्चिमेच्या रस्त्याकडे. म्हणजे पावसाळ्यात झड थेट चुलीपर्यंत. प्राध्यापकांनी आपणहून दुसरा नकाशा केला. त्यात घरांच्या पाठी पश्चिमेला होत्या आणि दारे मधल्या अंगणाकडे. त्यासाठी जुन्या घरांत वारा कसा खेळतो ते बघायला ते दर रविवारी वाडीत जाऊन घराघरांत उदबत्ती लावून बसत. बातमीच्या निमित्ताने मीही जाई. "आदी उदबत्ती, मग नारळ, मग देऊळ. जागा गेली म्हना," एक आबा माझ्या कानाशी लागले.

नकाशा ठरवायला अधिकारी आले त्या दिवशी सगळी वाडी जमली. जिला सारे मावशी म्हणत, ती उठली. "सायेब, आमाला रांगंतलीच घरं द्या. ह्यो मानूस फुकट नकाशा देतोय, उदबत्त्या बी सोताच्याच आनतोय. ह्येला काय पायजे, त्ये काय सांगत न्हाई."

"मला काहीच नको, मावशी," प्राध्यापक कळवळून म्हणाले.

"ऐकलं का, सायेब? त्येच म्हनते मी!"

घरे रांगेत झाली. पहिल्याच पावसाळ्यात चुली विझल्या. प्राध्यापक पुन्हा आले ते बांबूची रोपे घेऊन, आणि रांगेसमोर, रस्त्याच्या कडेला त्यांनी ती लावली. कुंपण घालून जागा अडवतोय, अशा शंकेने लोकांनी ती उपटली. पुढच्या वर्षी त्यांनी ती पुन्हा लावली. असे किती वेळा झाले, याबाबत दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे आहे. शेवटी लोकच कंटाळले.

बऱ्याच वर्षांनी प्राध्यापक वारले. आमच्या दैनिकात चार ओळी आल्या, त्या मीच लिहिल्या. वाडीला कळवायला गेलो तेव्हा पावसाळा ऐन भरात होता. रस्त्याकडेला बांबूचे दाट बेट वाऱ्याने वाकत होते. त्याच्या आडोशाला मावशी सताड उघड्या दारात तांदूळ निवडत बसली होती. आत चूल पेटलेली होती.

मी सांगितले. तिचा हात सुपात थांबला.

"मानूस लय चांगला व्हता," ती म्हणाली. मग सुपातला एक खडा वेचून तिने बांबूंकडे टाकला. "पन येत कशापायी व्हता, त्ये शेवटपोतर कळू दिलं न्हाई त्यानं."