कॅल्शियम की स्ट्राँशियम

“सर, तीच विचारत होती. नात्यातली आहे, नाही कसं म्हणू?”

रसायनांच्या रॅकपलीकडून हे तमिळमधलं वाक्य माझ्या कानावर आलं. बाटल्यांच्या फटीतून फक्त वेणी दिसत होती, पण आवाज माझ्या मामेबहिणीचा होता. ती माझ्याच वर्गात. नात्यातली म्हणजे मी.

विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलआधीची कॉलेजची परीक्षा चालू होती. प्रत्येकीला वेगळा क्षार, त्यातला धातू ओळखायचा. इंटर्नलचे मार्क यावरच होते. आम्ही दोघी शेजारी उभ्या. मघाशी तिनं आपला क्षार ज्योतीत धरला, ज्योत लाल झाली, आणि ती लगेच कॅल्शियम लिहायला निघाली.

“अगे, थांब,” मी हळूच म्हटलं. “स्ट्राँशियमही लालच दिसतं. अमोनियम सल्फेट घालून बघ.”

“किती घालू?”

“थोडंच. मग गरम कर. पांढरा साका बसला तर स्ट्राँशियम.”

साका बसला. तिनं उत्तर लिहिलं. मी माझ्या परीक्षानळीकडे वळले. त्यात पोटॅशियम क्रोमेट घातल्यावर बसलेला पिवळा साका होता, माझी ज्योतही हिरवी आली होती. बेरियम.

आमची कुजबुज सरांनी ऐकली होती. “मराठा राजांचं राज्य गेलं, अम्मा,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “लॅबमध्ये तमिळ, नाहीतर इंग्लिश.” मुली हसल्या. मग त्यांनी तिला रॅकपलीकडे नेऊन विचारलं, कोण कोणाला सांगत होतं.

टाउन बसमध्ये आम्ही लोकांच्या मिशांवर, साड्यांवर मराठीत बोलत येतो. कंडक्टरसमोर त्याच्याचबद्दल बोलतो आणि चेहरे सरळ ठेवतो. राजवाड्यामागच्या आमच्या गल्ल्या सोडल्या, तर ही भाषा आम्हा दोघींचीच. याचा मला फार आनंद वाटायचा. आता कळलं, की आम्ही काय बोललो हे सांगणारं तिसरं कोणी त्या खोलीत नव्हतंच. ती म्हणेल तेच खरं.

सर आले आणि माझ्या ‘बेरियम’वर आडवी रेघ मारली. “उत्तर बरोबर आहे, पण तुझं नाही. मार्क देता येणार नाहीत.”

मी नळी वर उचलून दाखवली. त्यांनी बघितली, नाही अशी मान हलवली आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. शिक्षकांशी बोलण्याआधी वाक्य मनात इंग्रजीत जुळवायची मला शाळेपासून सवय आहे. ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

ती परत आली आणि बेसिनमध्ये नळ्या धुवायला लागली. माझ्याकडे न बघता, अगदी घरच्यासारखं मराठीत म्हणाली, “सोड गे. तुला नेहमीच चांगले मार्क पडतात. एकदा गेले तर काय होतंय? आत्याला सांगू नको.”

आत्या म्हणजे माझी आई. तिच्यापासून हे लपवायचं, आणि तेही आमच्याच भाषेत.

सर अजून दोन टेबलं पलीकडेच होते. मी वाक्य जुळवलं नाही. तमिळमध्येच बोलले, आणि आवाज इतका मोठा निघाला की सगळ्यांनी वळून पाहिलं.

“सर, मला दुसरा क्षार द्या. तिलाही एक द्या. आणि आम्हाला लांब लांब उभं करा.”