एका माणसाची जागा

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात कुणाचं लग्न निघालं, कुणाची लेक बाळंत होऊन सासरी निघाली, की पहिलं बोलावणं चंद्रभागेला जायचं. स्वयंपाकाला नव्हे. स्वयंपाक तिचा बेताचाच होता, आणि हे गावाला सांगायला तिची सासू जाईबाई समर्थ होती. चंद्रभागेला बोलवायचं ते गाडीत सामान भरायला.

तिच्या नवऱ्याची, नाथाची, जुनी फियाट होती. टेंभी नाक्यावर उभी करून तो ती भाड्यानं चालवायचा. शहाण्णव साली त्यानं गाडीला गॅस बसवून घेतला. आता ती पेट्रोलवरही चाले आणि गॅसवरही, म्हणून वाडीनं तिचं नाव ठेवलं 'दुतोंडी'. दोन तोंडं आली खरी, पण पोट गेलं. गॅसची ही एवढी टाकी डिकीत आडवी येऊन बसली. बघायला आलेले लोक डिकीत डोकावून म्हणाले, "आता यात काय ठेवशील नाथा? डबा आणि छत्री?"

नाथा ओशाळला. चंद्रभागेनं दुपारभर डिकीचं झाकण उघडं ठेवलं आणि समोर पाट टाकून नुसती बघत बसली. संध्याकाळी उठली आणि स्टेपनी उचलून टपावरच्या कॅरियरला बांधली. अर्ध्या भरलेल्या तांदळाच्या गोण्या टाकीच्या दोन्ही कुशींना अशा दाबल्या की टाकीचा गोलवा दिसेनासा झाला. पातेल्यात पातेलं, त्यात मसाल्याची बरणी, बरणीभोवती लुगडं. टाकीच्या नळाकडे एक वीत जागा मोकळी ठेवायची, एवढी एकच अट नाथानं घातली होती, तेवढी तिनं पाळली. बाकी बोट घालायला फट ठेवली नाही. त्या दिवसापासून दुतोंडीच्या पोटाबद्दल कुणी बोललं नाही.

ही कला तिला आईनं दिली होती. आई म्हणजे आवडाबाई. बापाची होडी किनाऱ्याला लागली की मायलेकी बाजारच्या पेट्यांत मासळी आणि बर्फ भरत. खाली जड, वर हलकं, आणि मधे वारा शिरेल एवढंही भोक नाही. "रिकामी जागा ठेवशील तिथं मासळी सडेल," आवडाबाई म्हणायची. एखादा बोंबील वाकडा पडला तरी लेकीच्या हातावर चापट बसे. चंद्रभागेचे हात असे घडले होते. नीट लावायचं नाही, असं तिनं ठरवलं तरी हात ऐकत नसत. ही गोष्ट पुढं तिला भोवली.

आता त्र्याऐंशी सालची गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय चंद्रभागा कळायची नाही.

कोळीवाड्यातून चैत्रात कार्ल्याला, एकवीरा आईच्या दर्शनाला जायची चाल फार जुनी. वाडीचा एक नेमही तितकाच जुना. कार्ल्याच्या वाटेवर खोटं बोलायचं नाही. आणि गाडीत जागा असताना ओटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. जागाच नसेल तर निदान त्याची ओटी घ्यायची आणि आईच्या पायाशी पोचवायची. माणूस राहिला तर चालेल, ओटी राहता कामा नये.

त्र्याऐंशीत आवडाबाई महिपतच्या टेंपोतून निघाली. महिपत म्हणजे त्या काळचं वाडीतलं बडं प्रस्थ, कारण सबंध वाडीत टेंपो त्याचा एकट्याचा. आवडाबाई विधवा झाली होती, गुडघे धरले होते. तरी तिनं नवस केला होता आणि ओटी घेतली होती. हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदूळ, बांगड्या. सगळं वेताच्या टोपलीत, वर फडकं बांधलेलं. शीळफाट्याला कल्याणकडून महिपतची सासुरवाडी येऊन उभी होती. आठ माणसं. महिपतनं टेंपोत नजर फिरवली आणि सगळ्यांत म्हातारं, सगळ्यांत गरीब माणूस निवडून खाली उतरवलं. "मागून दुसरी गाडी येतेय मावशे, तीत बस. ओटी दे, ती मी नेतो."

मागून गाडी नव्हतीच. कार्ल्याच्या वाटेवर तो खोटं बोलला होता. आवडाबाई शीळफाट्यावर उन्हात बसून राहिली ती थेट दिवस मावळेपर्यंत. ओळखीच्या एका रेतीवाल्यानं तिला घरी आणून सोडलं. तिसऱ्या दिवशी टेंपो परतला, तेव्हा महिपतनं तिची टोपली आणून ओट्यावर ठेवली. जशीच्या तशी. फक्त स्टेपनीखाली दबून नारळ फुटला होता, लुगड्याला आणि टोपलीला काळं वंगण लागलं होतं. "खाली राहून गेली गो. विसरलो," म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

त्याच्या लेखी गोष्ट संपली. आवडाबाईच्या लेखी तिथून सुरू झाली. महिपत विसरला हे तिला पटेना. तिच्या मनानं घेतलं की एकवीरा आईनंच आपली ओटी परत पाठवली. कुठलं पाप केलं आपण, हे ती दिवसरात्र आठवत राहायची. लेकीनं नाना परींनी समजावलं, पण ती टोपलीकडे बोट दाखवायची. "आईला नको झालीय ती. बघ ना, शिवली बी नाय." पुढचा चैत्र तिनं पाहिला नाही.

चंद्रभागेनं आईचं सगळं वाटून टाकलं, टोपली तेवढी ठेवली. वंगणाचा काळा डाग असलेली टोपली माळ्यावर गेली आणि चंद्रभागेच्या पोटातला राग त्या टोपलीसारखाच चौदा वर्षं तिथल्या तिथं राहिला. माणसं म्हणतात, काळ हे औषध आहे. असेल. पण ते घ्यायला लागतं, आणि चंद्रभागेनं घेतलं नाही. दर चैत्रात ती शीळफाट्यावरून जाताना एकच मागणं मागायची: "आई, त्याला एकदा माझ्या गाडीपुढं उभा कर."

आणि सत्त्याण्णवच्या चैत्रात आईनं ऐकलं.

महिपत आता साठीला आला होता. टेंपो घाटात उलटून पाय मोडला, वर्षभर खाटेवर होता. टेंपो भंगारात गेला, वाडीतलं घर मोडून तो कल्याणला लेकीकडे राहायला गेला. चालता झालो तर पहिल्या चैत्रात ओटी घेऊन येईन, असा नवस त्यानं केला होता. आता काठी टेकत चालत होता. यात्रेच्या दोन दिवस आधी त्याची लेक सुमती वाडीत आली आणि नाथापुढं हात जोडून उभी राहिली. "बाबांना यष्टीत चढवत नाही हो. शीळफाट्यावर येऊन उभे राहतील. गाडीत जागा असली तर घ्या."

नाथा भोळा. तो 'हो' म्हणणार तेवढ्यात चंद्रभागा आतून आली. तिचा चेहरा इतका शांत होता की जाईबाई घाबरली.

"जागा असली तर नक्की घेऊ," चंद्रभागा म्हणाली. "उभं राहायला सांग."

सुमती गेली आणि चंद्रभागा कामाला लागली. खोटं बोलायचं नव्हतं. 'जागा नाही' हे तिला खरं करून म्हणायचं होतं. माणसं तीनच होती, नाथा, ती आणि जाईबाई. म्हणजे फियाट अशी भरायची की सुईला वाट मिळू नये.

ती घरोघर फिरली. "कार्ल्याला काय पाठवायचं असेल तर द्या, मी नेते." वाडीची बाकीची माणसं दुसऱ्या दिवशी बसनं जाणार होती, त्यांना सोन्याहून पिवळं झालं. पंक्तीची मोठी पातेली आली. तीन गोण्या तांदूळ, ताडपत्री, स्टोव्ह, झारे, मसाल्याचे डबे, कोंबड्यांचा खुराडा, भजनवाल्यांचा ढोलसुद्धा आला. बाया तिला आशीर्वाद देत होत्या. किती गो मन मोठं हिचं! चंद्रभागा मान डोलवत होती आणि मनात म्हणत होती, द्या, अजून द्या.

पहाटे ती भरायला लागली, आणि हातांनी घात केला. ढोल डिकीत टाकीवर आडवा बसला, त्याच्या पोटाशी स्टोव्ह बसला. पातेल्यात डबे गेले, डब्यांच्या मधे झारे गेले. तांदळाच्या गोण्या मागच्या सीटखाली पायांच्या जागेत अशा निजल्या की वर पाय ठेवायला चौरंग झाला. ताडपत्री टपावर, खुराडा तिच्यावर. सगळं आत गेलं आणि मागच्या सीटवर जाईबाईच्या शेजारी एका माणसाची जागा उरली. ऐसपैस.

चंद्रभागेनं सगळं काढलं आणि पुन्हा भरलं. वाकडंतिकडं टाकायचं ठरवून भरलं. पण पातेलं वाकडं दिसलं की हात जाऊन ते सरळ करी. पुन्हा एका माणसाची जागा उरली. आता तर जरा जास्तच. शेजारची मनुबाई कौतुकानं म्हणाली, "तुझ्या हाताला जादू हाय गो!" चंद्रभागेला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"पुरे झालं," जाईबाई खिडकीतून म्हणाली. "तू कशाला भरतेस ते मना कळतं. आईलाच मंजूर नाय. बसू दे त्याला, माझ्या बाजूला."

चंद्रभागा त्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली. आवडाबाईच्या हाताची चापट आठवली. मग ती घरात गेली, माळ्यावर चढली आणि वेताची टोपली घेऊन खाली आली. डाग तसाच होता. तिनं टोपली फडक्यानं पुसली, त्या जागेवर ठेवली आणि दार लावलं.

"चला," ती नाथाला म्हणाली. "गाडी भरली."

शीळफाट्यावर महिपत उभा होता. त्याच ठिकाणी, कारण गाड्या वळतात ते ठिकाण एकच. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नवी कोरी टोपली. हिरवं लुगडं वरूनच दिसत होतं. गाडी थांबली तसा त्याचा चेहरा उजळला. लंगडत जवळ आला आणि मागचं दार उघडायला हात घातला.

"जागा नाय दादा," चंद्रभागा म्हणाली.

महिपतनं आत पाहिलं. "ही काय, हाय की. टोपली मांडीवर घेतो."

"ती माझ्या आयशीची जागा हाय. आवडाबाईची. ती बसलीय तिथं. तिला मी उतरवायची नाय."

महिपतचा हात दारावरच राहिला. टोपलीचा डाग त्याला दिसला. तो काय समजायचं ते समजला. हातातली काठी सरकली. नाथा उतरायला निघाला, पण चंद्रभागेनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. तिला दया आली नाही. उलट सुख झालं, चौदा वर्षं राखून ठेवलेलं सुख, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

"मग..." महिपतनं टोपली पुढं केली. "मग ओटी तरी ने गो. नेम हाय."

"हाय ना. आण. उद्या दुपारी परत येऊ, टोपली घ्यायला इथंच ये."

तिनं त्याची टोपली घेतली, मांडीवर ठेवली, आणि गाडी पनवेलच्या रस्त्याला लागली. मागं वळून फक्त जाईबाईनं पाहिलं. घाटाखाली नाथानं गॅस बंद करून गाडी पेट्रोलवर घेतली, कारण एवढा भार गॅसवर चढत नसे.

डोंगराच्या पायथ्याशी चंद्रभागेनं दोन्ही टोपल्या समोर ठेवल्या. महिपतच्या टोपलीतलं हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदूळ, बांगड्या एकेक करून काढल्या आणि आईच्या डागाळलेल्या टोपलीत लावल्या. खाली जड, वर हलकं. एक बांगडीसुद्धा मागं ठेवली नाही. मग ती टोपली डोक्यावर घेऊन पायऱ्या चढली. आईपुढं ओटी ठेवताना पुजाऱ्यानं विचारलं, "कुणाची?"

"आवडाबाईची," ती मोठ्यानं म्हणाली. यात खोटं काही नव्हतं, निदान तिच्या हिशेबी नव्हतं. मग ती तिथंच बसून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शीळफाट्यावर महिपत आलेला होता. तो वेळेच्या बराच आधी आला असावा, कारण रस्त्याकडेला दगडावर बसला होता, डोक्यावर ओला पंचा. गाडी पाहून धडपडत उठला. चंद्रभागेनं खिडकीतून त्याची टोपली त्याच्या हातात दिली. तिच्यात प्रसाद नव्हता, अंगारा नव्हता, तांदळाचा एक दाणा नव्हता.

"पोचली?" त्यानं विचारलं.

"पोचली. आवडाबाईची ओटी पोचली. चौदा वर्षं लागली."

महिपत रिकाम्या टोपलीकडे बघत राहिला. आवडाबाईनं ओट्यावर बसून असंच पाहिलं होतं.

"आनि माझी?"

चंद्रभागेनं काच वर घ्यायला सुरुवात केली.

"तुझी पुढल्या वर्षी. जागा असली तर."